बाबांच्या खोलीचं अस्तर

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा वाकून नमस्कार,

तू, भावोजी आणि बाबा तिकडे ठणठणीत असाल असं मी धरून चालतो, तुझे गुडघे वगळून. गुडघ्यांची चौकशी पत्राच्या शेवटी सविस्तर करणार आहे, कारण या पत्राचा खरा विषय तेच आहेत आणि तिथवर पोचायला मला थोडा वेळ लागेल. इकडे आम्ही दोघंही खुशाल. तुझी भावजय तुझी रोज आठवण काढते. (म्हणजे माझ्याशी बोलताना दर दोन वाक्यांनी ‘त्या बिचाऱ्या ताईंनी काय पाप केलंय’ असं म्हणते.) पत्र पाठकोऱ्या कागदांवर लिहितो आहे याचा राग मानू नकोस. कोरा कागद वापरणं हल्ली माझ्या जिवावर येतं. मागच्या बाजूला बुचाच्या लाद्यांची माहिती छापली आहे, ती वाचत बसू नकोस. मी तीनदा वाचली आणि तीनही वेळा माझं मत बदललं. पाकीट मीच घडी घालून केलं आहे आणि चिकटवायची खळही घरचीच, मैद्याची, रसायनाचा एक थेंब नाही. दुकानातल्या डिंकात काय काय घालतात हे कळल्यापासून मी त्या बाटलीला शिवलेलो नाही.

तर मुद्द्याचं. पुढच्या महिन्यात तुझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, त्यानंतर तीन महिने तुला स्वतःलाच उठवायला माणूस लागणार, तेव्हा त्याआधी बाबांना आमच्याकडे न्यावं असं तू कळवलंस. रास्तच आहे. मुळात बाबा तुझ्याकडे ‘फक्त हा उन्हाळा’ म्हणून आले होते आणि त्या उन्हाळ्याला आता तीन वर्षं झाली. तुला आठवत असेल (न आठवायला काय झालं, तूच तर धावत आली होतीस), आमच्या गच्चीवरच्या खोलीत, त्या पत्र्याखाली, भर दुपारी बाबा शिलाई मशीनवर बसल्या बसल्या चक्कर येऊन पडले आणि दोन दिवस दवाखान्यात राहिले. तेव्हाच मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता की या छताचा कायमचा बंदोबस्त करतो आणि मगच बाबांना परत आणतो. खाली राहा म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. खाली उजेड नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, आणि चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या माणसाला नुसतं खुर्चीत बसवून ठेवलं की तो महिन्याभरात आजारी पडतो. त्यांना तीच खोली हवी आणि तीच खिडकी हवी. म्हणजे सगळं घोडं येऊन अडलं आहे ते पत्रा आणि त्याखालची लाकडी तक्तपोशी यांच्यामधल्या चार बोटांच्या पोकळीत. ऊन खाली उतरू नये म्हणून तिथे काय भरायचं, एवढंच ठरायचं आहे.

आता तू म्हणशील, चार बोटांत काहीतरी कोंबायला तीन वर्षं? अगं, कोंबायला अर्धा दिवस लागतो. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी एका दुपारीत थर्माकोलच्या लाद्या ठोकून घेतल्या आणि आता ते त्यांच्या वरच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेले आमच्या खिडकीतून दिसतात. (मला बघितलं की मुद्दाम शाल पांघरतात. असल्या माणसाकडे मी दुर्लक्ष करतो.) पण थर्माकोल हजार वर्षं कुजत नाही म्हणतात, आणि आपल्या बापाच्या डोक्यावर असलं काही ठेवायचं मला पटेना. काचेचे तंतू भरावेत तर ते हाताळताना अंगाला खाज सुटते. तेव्हा मी ठरवलं की जे भरायचं ते निसर्गातून आलेलं, निसर्गात परत जाणारं आणि मधल्या काळात बाबांना त्रास न देणारं असावं. ठरवायला सोपं होतं. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

मी एकतीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक होतो हे तुला सांगायला नको. एकतीस वर्षं मी दुकानदारांच्या तराजूंची पारडी उलटी करून त्यांच्या बुडाला चिकटवलेली चिंच शोधली. असा माणूस पाकिटावर छापलेलं हिरवं पान बघून भुलेल का? आणि पान सगळ्यांवरच असतं. लोकरीवर पान, बुचावर पान, काथ्यावर पान, पोस्टमास्तरांच्या थर्माकोलच्या खोक्यावरसुद्धा दोन पानं आणि एक चिमणी. म्हणून मी चौसष्ट प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि सगळ्या कंपन्यांना पाठवली. माल कुठून येतो, कशावर वाढतो, वाढताना पाणी किती पितो, वाहतुकीत धूर किती, शंभर वर्षांनी त्याचं काय होतं, वगैरे. लोकरवाल्याने चौसष्टपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं, ते म्हणजे ‘मेंढ्या सुखी आहेत.’ बूच समुद्रापलीकडून येतं म्हणून मी जहाजाच्या धुराबद्दल विचारलं, तर त्यांनी नम्रपणे कळवलं की जहाज तसंही येणारच होतं. काथ्यावाल्याने प्रश्नावलीच परत पाठवली आणि सोबत आपल्या पायपुसण्यांची यादी जोडली.

मग मी प्रत्यक्ष नमुने मागवायला लागलो, आणि इथून पुढचं जरा मन घट्ट करून वाच. पहिला मान लोकरीचा. एका मेंढपाळाकडून मी थेट कच्ची लोकर आणली, मधे दलाल नको, रसायन नको म्हणून. तिला जो वास होता त्यावरून मेंढी सुखी असेलही, पण शेजारीपाजारी नव्हते. तरी मी नेट धरला आणि नमुना कपाटावर चार महिने निरीक्षणासाठी ठेवला. पाचव्या महिन्यात तिला कसर लागली, आणि कसर लोकर संपवून थांबली नाही, ती कपाटात उतरली. तू विणून दिलेला निळा स्वेटर होता ना, तो आता पाठीकडून मच्छरदाणी झाला आहे. हे मी तुला दोन वर्षं सांगितलं नव्हतं, आज मन मोकळं केलं.

त्यानंतर पेंढा. पेंढ्याची एक गासडी मी त्याच वरच्या खोलीत ठेवली आणि आठवड्याभरात तिच्यात उंदरांचा संसार थाटला गेला. मला त्यांचं कौतुकच वाटलं, कारण मी ज्याचा निर्णय दोन वर्षं करू शकलो नव्हतो तो त्यांनी एका फेरीत केला, तोही प्रश्नावली न पाठवता. (नोंदवहीत मी पेंढ्याला ‘रहिवाशांचं समाधान’ या सदरात दहापैकी दहा गुण दिले आहेत.) मग बुरशीचा ठोकळा. हे अगदी नवीन आहे, भुशात बुरशी वाढवायची, ती सगळं घट्ट विणून टाकते, मग भाजून वाळवायचं, की झाली लादी. कंपनीने बी पाठवलं आणि मी ते न्हाणीघरातल्या मोठ्या बादलीत लावलं. भाजायचा दिवस मी मोजून ठेवला होता, पण नेमक्या त्याच सुमारास काथ्यावाल्याशी पत्रव्यवहार ऐन भरात आला आणि मी विसरलो. सकाळी तुझी भावजय न्हाणीत गेली ती तशीच बाहेर आली आणि थंडपणे म्हणाली, बादलीत छत्र्या उगवल्यात, आंघोळ करू की भाजी चिरू? मी तिला प्रयोगाचं महत्त्व समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण बादली त्या दिवसापासून कुलपात आहे.

इतकं सगळं झाल्यावर मात्र मी हात टेकले आणि माणूस बोलावला. पर्यावरण सल्लागार. तो एका गाडीतून आला जी आमच्या गल्लीत वळेना, म्हणून ती तोंडाशीच उभी राहिली, आणि आतला गारवा जाऊ नये म्हणून तिचं इंजिन तो आमच्याकडे असेपर्यंत सुरूच होतं. पाऊण तास त्याने खोली बघितली, भिंतींना हात लावला, डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला की छतात काय भरायचं हा प्रश्नच चुकीचा आहे. घर मुळात चुकलं आहे. खऱ्या अर्थाने निसर्गस्नेही व्हायचं असेल तर हे पाडून मातीचं बांधा. मी म्हटलं, वडील ऐंशीचे आहेत. तर तो म्हणाला, माती त्यांना आवडेल. ताई, मी शांत माणूस आहे, पण त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा दिवसांनी त्याचा अहवाल आला. गुळगुळीत कागद, अठ्ठेचाळीस पानं, प्रत्येक पानाला प्लॅस्टिकचं आवरण, आणि पहिल्याच पानावर लिहिलेलं की प्लॅस्टिक टाळा. सोबत मी जागरूक नागरिक असल्याचं एक प्रमाणपत्र होतं. ते मी बैठकीत लावलं आहे, कारण त्याला खिळा आधीपासूनच होता.

या सगळ्या काळात बाबांचा दर रविवारी फोन, हे तुला माहीतच आहे, तुझ्याच फोनवरून तर करतात. पहिलं वाक्य ठरलेलं, ‘झालं का रे?’ मी म्हणायचो, होतंय. मग एकदा, साधारण दोन वर्षांपूर्वी, त्यांनी मला हा काय प्रकार आहे ते नीट विचारलं. मी त्यांना उष्णतेचं वहन, हवेचे कप्पे, कार्बनचा भार, सगळं अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, म्हणजे कोटाला अस्तर लावतात तसं. मी म्हटलं, ढोबळमानाने हो. तर म्हणाले, मग कातरण भर की. गावातले सगळे शिंपी पोती भरभरून कातरण फेकून देतात. सुती वेगळं काढायचं, बारीक करायचं आणि भरायचं, आपल्या उश्या नव्हत्या का. ताई, बाबांबद्दल माझ्या मनात किती आदर आहे हे मी बोलून दाखवायला नको. पण लोक समुद्रापलीकडून बूच आणतायत, प्रयोगशाळेत बुरशी वाढवतायत, आणि आपण चिंध्या भरायच्या? मी त्यांना प्रेमानेच सांगितलं की बाबा, त्याला प्रमाण नाही, चाचणी नाही, कागदपत्र नाही. ते म्हणाले, ‘बरं.’

बाबांचं ‘बरं’ तुला ठाऊक आहे. दुकानात कुणी गिऱ्हाईक कॉलर अशी हवी, घेर तसा हवा म्हणून हुज्जत घालायला लागलं की बाबा ‘बरं’ म्हणायचे आणि शिवायचे आपल्याच मापाने. आपल्या दोघांची शाळेची कापडं आठवतात ना, सगळी वाढत्या अंगाची, माझ्या बाह्यांतून बोटंसुद्धा बाहेर यायची नाहीत. मी रडलो की ‘बरं’ म्हणायचे आणि पुढच्या वर्षीची आणखी मोठी. पण या वेळी मात्र त्यांनी विषय सोडून दिला आणि नंतर कधीच काढला नाही. वय झालं की माणूस समजूतदार होतो, याचं मला फार बरं वाटलं.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट घडली ती सांगतो. यंदा थंडी संपता संपता मालवाहू टेम्पोतून आमच्या दारात अकरा पोती उतरली. पाठवणाऱ्याचं नाव नाही, लेबल नाही, पान तर नाहीच. मी तुझ्या भावजयीला विचारलं, ती म्हणाली, पाठवली असतील कुणीतरी, तुम्ही जगभर पत्रं लिहिताय. उघडून बघतो तर आत कापडाचे तुकडे. म्हणजे आता या धंद्यातही लबाड लोक शिरले, बिनकागदपत्रांचा माल परस्पर गळ्यात मारतायत. नमुना म्हणून पाहिलं तर माल अगदीच टाकाऊ नव्हता, हे मी निरीक्षक म्हणून कबूल करतो. सगळं सुती, स्वच्छ धुतलेलं, एक बटण नाही, एक हूक नाही, आणि तुकडे इतके एकसारखे, दीड बोट बाय दीड बोट, की कापायचं एखादं महागडं यंत्रच असलं पाहिजे. पण नियम तो नियम. नोंदवहीत ‘स्रोत अज्ञात’ असा शेरा मारून मी त्याला शून्य गुण दिले आणि पोती गच्चीवर एका कडेला लावून टाकली.

मग मी शेवटची, निर्णायक चाचणी घ्यायची ठरवली. सहा सारख्या मापाच्या लाकडी पेट्या करून घेतल्या, पाचांत वेगवेगळा माल भरला, सहावी रिकामी, प्रत्येकीच्या पोटात एक वाटीभर बर्फ आणि एक थर्मामीटर, आणि भर उन्हाच्या वेळी गच्चीवर ओळीने मांडून बसलो. गच्ची अशी तापली होती की चपलेतून चटका बसत होता. बसायला त्या अकरा पोत्यांपैकी दोन घेतली. (बसायला फार छान. खालून जराही झळ लागली नाही, उलट गार वाटत होतं, पण माझं सगळं लक्ष पेट्यांकडे होतं.) असे लागोपाठ पाच दिवस मी डोक्याला पंचा बांधून आकडे लिहीत बसलो. पाचव्या दिवशी बुचाची पेटी लोकरीच्या पेटीला मागे टाकणार इतक्यात मला सहाऐवजी बारा पेट्या दिसायला लागल्या. शुद्धीवर आलो तेव्हा खाली चटईवर होतो, कपाळावर ओला पंचा होता आणि तुझी भावजय वारा घालत होती. डॉक्टरांनी दुपारी गच्चीवर जायला बंदी केली आहे आणि मी ती काटेकोर पाळतो. (वरच्या खोलीतला आकडा बघून यायला मिनिटभरही लागत नाही, ते त्यात धरत नाही.)

मागच्याच आठवड्यात परगावी हरित घरांचं तीन दिवसांचं मोठं प्रदर्शन होतं. बंदीतला माणूस म्हणून ही मला सोडणार नाही असं वाटलं होतं, पण ही स्वतःच माझी पिशवी भरून दाराशी उभी. मला अगदी भरून आलं. परत आलो तर घर चकाचक. माझ्या सोळा फायलींपैकी टेबलावर दोनच दिसल्या, बाकीच्या कुठे विचारलं तर म्हणाली, वर ठेवल्यात, सुरक्षित आहेत. त्या पोत्यांचीही तिने काहीतरी विल्हेवाट लावली. इतक्या वर्षांनी का होईना, माझ्या कामाला घरात मान मिळतो आहे. फक्त एकच घोळ झाला आहे, तो तुला कळवायला हवा, कारण सगळं त्यावर अडलं आहे. वरच्या खोलीतलं माझं मुख्य थर्मामीटर बिघडलं. तीन वर्षं ज्या खोलीत दुपारी बेचाळीस दाखवायचं तिथे मी आल्यापासून रोज एकतीस दाखवतं आहे. मी ते हलवून बघितलं, काखेत धरून बघितलं, मग सरळ लाल शाईने ‘नापास’ असा कागद चिकटवून टाकला. बिघडलेल्या मापावर मी आयुष्यात कधी शिक्का मारला नाही, तो माझ्याच बापाच्या खोलीवर मारू का? नवीन थर्मामीटर यायला पंधरा दिवस, मग सगळी मोजणी पहिल्यापासून.

असो. फार लांबलं. भावोजींना नमस्कार, बाबांना साष्टांग, आणि तुझ्या गुडघ्यांना आराम पडो.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. लिहायचं तेच राहिलं. ताई, ऑपरेशन चार महिने पुढे ढकलता येईल का? डॉक्टर लोक तारखा देतात आणि बदलतातही. जिना चढू नकोस, वाकू नकोस, आणि बाबांना तेवढं ठेवून घे. एक उन्हाळा आणखी.

आणखी एक ता. क. वरची ओळ वाचून तुला माझा राग येईल. मलाच आला आहे. खरं सांगू का, त्या दिवशी बाबा जेवून वर जाताना म्हणाले होते, वर फार तापतं रे. मी इथे खाली पंख्याखाली आडवा पडलो होतो. मी म्हटलं, वर पण पंखा आहे की. तेवढंच म्हटलं आणि कूस बदलली. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची मापं तपासली आणि माझ्या बापाच्या खोलीत किती ऊन उतरतं ते बघायला मी चौदा पायऱ्या चढलो नाही. आता या वेळी चूक झालेली मला चालणार नाही, ताई. मला भीती वाटते. थोडं सांभाळून घे.

शेवटचा ता. क. पाकिटावर जास्तीचं तिकीट लावलं आहे, ते वाफेवर धरून काढता आलं तर परत पाठव.

ताई, नमस्कार. हे पान माझं. ह्यांनी पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि कोपऱ्यापर्यंत जाईतो त्याची खळ सुटून पत्र माझ्या हातात आलं. मी मुद्दाम उघडलेलं नाही. वाचलं मात्र मुद्दाम.

ऑपरेशन एक दिवसही पुढे ढकलायचं नाही. तुम्हाला फोनवर कळवलं होतं तसं छताचं काम झालं. प्रदर्शन तीन दिवसांचं होतं, सुताराला दोनच पुरले. बाबांनी सांगितलेलं तंतोतंत केलं. आधी वायरी पाइपातून घेतल्या, मग कसर-उंदीर लागू नयेत म्हणून कातरण टाकणखाराच्या पाण्यातून काढून गच्चीवर कडकडीत वाळवलं आणि न दाबता हलक्या हाताने भरलं. पत्र्याला वरून पांढरा रंगही दिला. बाबांनी दोन वर्षं बसून कापलं आणि तुम्ही तसल्या गुडघ्यांनी धुतलं, त्यातला एक तुकडा मी वाया जाऊ दिला नाही. तरी खिडकीच्या बाजूला एक पट्टा कमी पडला. तिथे ह्यांच्या चौदा फायली फाडून घातल्या. कागद यासाठी उत्तम चालतो, हे फाईल क्रमांक पाचमध्ये ह्यांनीच लिहून ठेवलं आहे. आपल्या कातरणाला शून्य गुण पडले ते मी बाबांना परवाच सांगितलं. ते म्हणाले, बरं.

ह्यांना अजून काही बोलले नाही. सांगणार आहे, पण आधी बाबा त्या खोलीत बसलेले ह्यांना दिसू देत. एक गोष्ट ह्यांनी पत्रात लिहिलेली नाही ती तुम्हाला सांगते. गेली तीन वर्षं उन्हाळ्यात हे रोज दुपारी, मी पडले आहे असं बघून, गुपचूप वर जातात आणि बाबांच्या मशीनपुढे बसून राहतात. घामाने निथळून, लालबुंद होऊन खाली येतात आणि आकडा बघायला गेलो होतो म्हणतात. मी कधी विचारलं नाही. काल गेले ते बराच वेळ आले नाहीत, म्हणून मी धसकून वर गेले. मशीनवर डोकं टेकून गाढ झोपले होते, कपाळावर घामाचा थेंब नव्हता. दोन तासांनी डोळे चोळत खाली आले आणि म्हणाले, थर्मामीटर बिघडलंय.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, माझ्याबरोबरच घेऊन येते. रविवारी सकाळी नऊला गाडी दाराशी येईल. बाबांची कात्री आधी गाडीत ठेवू, मग बाबांना.